गाय दर वेताला घाण टाकते? आधी व्याल्याचे दिवस मोजा

आमचा गोठा संगमनेर तालुक्यातला, संकरित होल्स्टीनच्या १२ गाई. त्यातल्या चंद्रीनं तीन वेतं आम्हाला एकाच दुखण्यानं रडवलं. व्याली की जार (वार) अडकायचा. आठवड्याच्या आत मटण धुतलेल्या पाण्यासारखं काहीतरी वाहायला लागायचं, वास गोठ्याच्या दारापर्यंत. मग ताप, दूध निम्म्यावर. त्यातनं सावरली की महिना-दीड महिना शेपटीच्या गोंड्याला वाळलेला पू, आणि पुढं वर्षभर उलटणं, म्हणजे रेतन भरूनही गाभण न राहता परत माजावर येणं. उपचार नाही केले असं एकदाही झालं नाही. गोळ्या ठेवल्या, पिशवी (गर्भाशय) धुतली, सुया दिल्या. दर वेळी गाय बरी झाली आणि पुढच्या वेताला परत पहिल्या पानावर.

तिसऱ्या वेतानंतर मी वही घातली. व्याल्याची तारीख, जार किती वाजता पडला, रोजचा ताप, काय वाहिलं, काय दिलं. वहीनं पहिली गोष्ट दाखवली ती अशी की आम्ही पाचव्या दिवशी आणि पस्तिसाव्या दिवशी एकच औषध देत होतो. आम्ही तक्रार एकच सांगायचो ना, 'घाण टाकते'. पण व्याल्यापासून दिवस बदलला की आतला आजार बदलतो. म्हणून डॉक्टरांना फोन लावताना पहिलं वाक्य 'घाण टाकते' हे नको. 'व्याल्याला आज अमुक दिवस, आज सकाळचा ताप अमुक' हे हवं. निम्मं निदान तिथंच होतं.

जी घाण नाही, तिला औषध नको

व्याल्यानंतर पहिले दोन आठवडे, कधी अठरा दिवसही, गाय तांबूस, मग चॉकलेटी, मग फिकट चिकट द्रव टाकते. तो मैला. गर्भाशय व्याल्या दिवशी साधारण नऊ-दहा किलोचं असतं आणि महिन्याभरात एक किलोच्या आत येतं. एवढं आकसायचं म्हणजे आतलं बाहेर पडणारच. त्याला कुजका वास नसतो, गाय खात-पीत असते, ताप नसतो. रंग लाल दिसला म्हणून घाबरू नका. वास घ्या. नाक मुरडावं लागलं नाही तर बहुतेक वेळा काही करायचं नसतं.

आणि जंतूंचं म्हणाल तर पहिल्या दोन आठवड्यांत जवळपास प्रत्येक गाईच्या गर्भाशयात ते असतातच. दार उघडं, खाली शेण-मूत, जंतू जाणारच. बऱ्याच गाई त्यांना स्वतःच हुसकून लावतात. काहींना ते जमत नाही, आणि का जमत नाही ह्याचं उत्तर व्यायच्या आधीच्या महिन्यात असतं. त्याकडं शेवटी येतो, कारण आमचा खरा घोळ तिथंच होता.

पहिला दिवस: जार

जार साधारण २ ते ८ तासांत पडतो. १२ तास झाले तर अडकला असं आपल्याकडं धरतात, परदेशी पुस्तकं २४ तास म्हणतात. ह्या वेळात गोठ्यात जे चालतं त्यातलं बरंचसं नुकसान करणारं असतं. लोंबत्या जाराला वीट किंवा चप्पल बांधणं. ओढणं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हात घालून सोडवणं. चंद्रीच्या पहिल्या वेताला एका जाणकार म्हणवणाऱ्यानं अर्ध्या तासात जार काढून दिला होता. आम्हाला कोण कौतुक! चौथ्या दिवशी तिला १०५ ताप होता.

झालं काय, ते मला फार उशिरा समजलं. जार गर्भाशयाला एका जागी चिकटलेला नसतो. ७० ते १२० गाठींनी तो जोडलेला असतो, शर्टाला गुंड्या असाव्यात तशा. त्या गुंड्या सुटायला गाईच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी जाराला 'परका' म्हणून ओळखावं लागतं, मग काही पाचक द्रव्यं त्या जोडाला विरघळवतात. आपण हातानं उपटतो तेव्हा काही गुंड्या फाटून आतच राहतात, अस्तर सोलवटतं, आणि त्या जखमांवर जंतूंना पंगत वाढल्यासारखं होतं.

मग करायचं काय? लोंबणारा भाग खुराला लागत असेल, शेणात लोळत असेल, तर स्वच्छ कात्रीनं पायाच्या वर येईल इतका कापा. बाकी सोडून द्या. बहुतेक गाईंचा जार चार ते दहा दिवसांत कुजून आपोआप गळतो. ह्या काळात मागचा भाग कोमट पाण्यानं रोज धुवा, माश्या बसू देऊ नका, आमच्याकडं आसपास कडुनिंबाचं तेल लावतात. आणि रोज सकाळी ताप मोजा, सलग दहा दिवस. ताप नाही, गाय खातेय, तर प्रतिजैविकाची सुई नको, गर्भाशयात गोळीही नको. मला हे पचायला जड गेलं होतं. 'डॉक्टर येऊन काहीच न देता गेले' अशी तक्रार मी स्वतः केली आहे. आज वाटतं, त्या दिवसाची फी सगळ्यात जास्त वसूल झाली.

गोळी का नको, ह्याला कारण आहे. ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखं औषध गर्भाशयात पडलं की जार विरघळवणाऱ्या त्या पाचक द्रव्यांनाच ते अडवतं. म्हणजे जार लवकर पडावा म्हणून ठेवलेली गोळी जार आणखी धरून ठेवते.

ऑक्सिटोसिनची (गर्भाशय आकसवणारी) सुई व्याल्यानंतर लगेचच्या काळात कामाची. दोन-तीन दिवस उलटले की गर्भाशय तिला दाद देत नाही, तेव्हा चौथ्या दिवशी ती मागू नका. कॅल्शियम मात्र वेगळं. जी गाय व्याल्यावर कान गार टाकून, मान पोटाकडं वळवून बसते, तिचा जार कॅल्शियमअभावी अडकलेला असू शकतो. गर्भाशय म्हणजे स्नायूच, आणि आकसायला त्याला कॅल्शियम लागतं. शिरेतून कॅल्शियम डॉक्टरच देणार, वेगानं गेलं तर हृदय बंद पडतं.

बांबूचा पाला, बाजरी-गूळ, अहाळीव, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ सांगतं तो भेंडी-गूळ-मिठाचा प्रयोग, ह्यांना माझा विरोध नाही. व्यालेल्या गाईच्या पोटात काही गरम आणि गोड गेलं तर ती चाऱ्याकडं लवकर वळते, आणि ते फायद्याचंच. फक्त त्या भरवशावर थर्मामीटर खुंटीला टांगू नका.

तिसरा ते दहावा दिवस: इथं घाई हवी

हा खरा धोक्याचा टप्पा. पातळ, लालसर-करडं, कुजका वास येणारं पाणी. गाय खुराक सोडते, डोळे आत जातात, दूध घसरतं. ताप १०३ च्या वर. पुस्तकातली रेघ ३९.५ सेल्सिअस, म्हणजे १०३.१ फॅरनहाइट. गर्भाशयाचा असा तीव्र दाह व्याल्यापासून २१ दिवसांत कधीही होऊ शकतो, पण बहुतेक गाई पहिल्या दहा दिवसांतच सापडतात.

ताप मोजण्याबद्दल दोन शब्द, कारण इथंच फसगत होते. सकाळी उन्हं चढायच्या आत मोजा. मार्च ते मे दुपारी धापा टाकणारी निरोगी गायसुद्धा १०३ दाखवते. थर्मामीटर गुदद्वारात आतल्या कडेला टेकवून धरा, नुसत्या शेणाच्या गोळ्यात खुपसू नका. मागं दोरा बांधा, आमचा एक आत गेला होता. आणि ताप आहे म्हणजे गर्भाशयच बिघडलं असं नाही. आधी चारी सडांची धार काळ्या फरशीवर काढून बघा, दगडी (कासेचा दाह) असेल तर गाठी दिसतील. गोचीड ताप आपल्या संकरित गाईंना व्याल्यावर हटकून गाठतो, त्यासाठी रक्ताची काच डॉक्टर तपासतील. आम्ही एकदा गोचीड तापाच्या गाईला तीन दिवस गर्भाशयाचं औषध देत बसलो होतो.

उपचार? ताप आणि वास दोन्ही असतील तर औषध अंगातून, सुईनं. सेफ्टिओफर, पेनिसिलीन किंवा ऑक्सिटेट्रासायक्लिन, ह्यातलं कोणतं ते डॉक्टर ठरवतील. साधारण तीन ते पाच दिवस. दुसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून पुढच्या सुया वाचवणं हा आपला राष्ट्रीय दोष आहे, तो टाळा. उलट, ४८ तासांत ताप अजिबात हलला नाही तर तीच सुई पुढं रेटू नका, फोन करा. एक तर औषध चुकलंय किंवा आजार वेगळा आहे.

सोबत दाह आणि ताप उतरवणारं औषध लागतं. मेलॉक्सिकॅम बरं. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक २०२३ पासून. ही औषधं घेतलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. कपाटात जुनी बाटली असेल तर फेकताना ओढ्यात फेकू नका.

गर्भाशय धुणं ह्या टप्प्यात नको. भिंत सुजलेली, ओल्या कागदासारखी असते. नळीनं फाटू शकते, आणि लिटरभर पाणी घातलं की आतलं विष रक्तात जास्त शोषलं जातं. गोळ्यांचंही तसंच. आत प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून जेंटामायसिनसारखी औषधं तिथं हातपाय हलवत नाहीत. सल्फा गटातली औषधं पू आणि कुजलेल्या पेशींत निकामी होतात. पेनिसिलीनला तिथले काही जंतू स्वतःच मोडून टाकतात. नायट्रोफ्युरानच्या गोळ्या अजून कुणी काढून दिल्या तर सरळ नाही म्हणा.

गाय खात नसेल तर औषधाइतकंच पाणी महत्त्वाचं. कोमट पाणी, गूळ, मीठ, आणि गाय उभी असेल तर डॉक्टरांकडून नळीनं पोटात. न खाणाऱ्या गाईच्या श्वासाला गोडसर वास येतो, लघवीच्या पट्टीवर कीटोन दिसतात. तो किटोसिस, म्हणजे खाणं तुटून अंगातली चरबी वितळल्यानं होणारा आजार, वेगळा सांभाळावा लागतो, नाहीतर गर्भाशय बरं होऊनही गाय उठत नाही.

दूध. सुई चालू असताना आणि लेबलवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत ते संकलन केंद्रावर घालू नका. प्रत्येक औषधाचे दिवस वेगळे, म्हणून बाटली फेकायच्या आधी लेबलचा फोटो काढून ठेवतो. एका गाईच्या धारेपायी पूर्ण टाकी नाकारली गेलेली मी पाहिली आहे. अख्ख्या गावाचे डोळे त्या दिवशी एकाच माणसावर होते.

तीन आठवड्यांनंतर: ताप नाही, पू आहे

इथं गाय ठणठणीत दिसते. दूध देते, रवंथ करते. फक्त बसली की मागून पांढरट-पिवळा पू येतो, किंवा माजाच्या सोटात (माजावर टाकते त्या चिकट द्रवात) पुवाचे धागे दिसतात. आतल्या अस्तराचा हा दाह २१ दिवसांनंतरचा आजार. ह्याला तापाची सुई नको, घाईही नको. दुर्लक्ष मात्र नको, कारण गाय मरत नाही म्हणून ह्याचा खर्च डोळ्यांना दिसत नाही.

किती बिघडलंय हे ओळखायची सोपी रीत आहे. डॉक्टर हातमोजा घालून योनीतला द्रव बाहेर काढतात. काचेसारखा स्वच्छ म्हणजे शून्य. मधेमधे पांढरे ठिपके म्हणजे एक. निम्म्यापेक्षा कमी पू म्हणजे दोन. निम्म्याहून जास्त पू म्हणजे तीन. मी वहीत हाच आकडा लिहितो, 'थोडी घाण आहे' असं लिहीत नाही. महिन्यानं तीनचा एक झाला की औषध लागू पडलं हे कळतं. पूर्वी आम्ही नुसतेच अंदाज बांधायचो.

डॉक्टरांनी तपासल्यावर अंडाशयावर पिवळा पिंड (माज रोखून धरणारी गाठ) असेल तर प्रोस्टाग्लँडिनची सुई. क्लोप्रोस्टेनॉल २ मिली, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम. पिंड विरघळतो, तीन ते पाच दिवसांत गाय माजावर येते, गर्भाशयाचं तोंड उघडतं आणि पू बाहेर फेकला जातो. माज हाच इथला मोठा धोबी. गरज पडली तर १४ दिवसांनी दुसरी सुई. ह्या माजावर रेतन भरू नका. मी भरलं होतं, चांगला सोट दिसला म्हणून. फुकट गेलं.

पिंड नसेल तर ही सुई काही करत नाही, म्हणून न तपासता मेडिकलवरून आणून टोचण्यात अर्थ नाही. आणि एक सावधगिरी नीट लक्षात ठेवा. गाभण गाईला ही सुई गेली तर गर्भ पडतो. गोठ्यात काम करणाऱ्या गरोदर बाईनं आणि दम्याच्या माणसानं ह्या बाटलीला हातही लावू नये, औषध कातडीतून शोषलं जातं. आमच्याकडं धार काढायचं, औषध द्यायचं बरंचसं काम बायकाच करतात, म्हणून हे सांगतोय.

ह्या टप्प्यावर मात्र गर्भाशयात औषध सोडायला जागा आहे. सेफापायरिनची नळी ह्याच कामासाठी येते. साधी प्रतिजैविकं, आयोडीन वगैरे सोडणारेही आहेत. आयोडीनबद्दल माझं मत वाईट आहे. तीव्र असेल तर अस्तर भाजतं, पुढचे माज बिघडू शकतात. आमच्या एका गाईचं पोट त्यानंतर सहा महिने राहिलं नाही. आयोडीनमुळंच, असं छातीठोक सांगता येणार नाही. पण पुन्हा कुणाला सोडू दिलेलं नाही.

तीन-तीन नळ्या होऊनही पू थांबत नसेल तर चौथी नळी नको. माजाच्या दिवशीचा सोट निर्जंतुक नळीत घेऊन कोणत्या औषधाला जंतू दबतात ती तपासणी करून घ्या. पशुवैद्यकीय महाविद्यालयांत होते, आम्हाला शिरवळ परवडतं. चंद्रीच्या नमुन्यात जे निघालं त्याला आम्ही दोन वर्षं दिलेलं औषध लागूच पडत नव्हतं. त्या कागदाची झेरॉक्स अजून वहीत चिकटवलेली आहे.

गाय माजावरच येत नाही आणि पोट वाढतंय

कधीकधी पू बाहेर येत नाही. गर्भाशयाचं तोंड बंद, आत पू साठतो, पिवळा पिंड टिकून राहतो. गाय माज दाखवत नाही आणि आपण खूश, गाभण राहिली म्हणून! तपासणी न करता सहा महिने थांबलेले लोक मला माहीत आहेत. रेतनानंतर ६० ते ९० दिवसांत गाभणपण तपासून घ्या, एवढंच. पू साठलेला सापडला तर उपाय तीच प्रोस्टाग्लँडिन, पण आधी आत वासरू नाही ह्याची डॉक्टरांनी खात्री करून.

सगळं स्वच्छ, तरी उलटते

सोट काचेसारखा, माज वेळेवर, तरी तिसऱ्यांदा उलटली. आतला दाह इतका बारीक असू शकतो की डोळ्यांना दिसत नाही. गावपातळीवर होणारी एक चाचणी आहे. माजाचा सोट आणि तेवढंच कॉस्टिक सोड्याचं द्रावण परीक्षानळीत गरम करतात. रंग पिवळा झाला तर पांढऱ्या पेशी जास्त, म्हणजे आत दाह. रंग बदलला नाही तर खापर गर्भाशयावर फोडू नका. माज ओळखण्याची वेळ, रेतनाची वेळ, गाईचं खाणं, तिकडं बघा.

मग दर वेताला तेच का?

वहीचे दोन वर्षांचे आकडे पुढ्यात घेऊन डॉक्टरांसोबत बसलो तेव्हा एक गोष्ट त्यांनीच बोट ठेवून दाखवली. अडकलेले जार बहुतेक नोव्हेंबर ते मार्चमधले. 'ह्या दिवसांत गाभण गाईंना काय घालता?' ऊसतोड सुरू झाली की आमच्याकडं वाढं (उसाचे शेंडे) फुकटच्या भावात मिळतं. त्यावर हिरवा घास (लसूणघास), आणि शेवटच्या महिन्यात गाय चांगली व्यावी म्हणून रोज शंभर मिली कॅल्शियमची बाटली. मी हे अभिमानानं सांगितलं. ते हसले नाहीत, पण ओठ दाबलेले दिसले.

वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून टाकतं. घासात कॅल्शियम आणि पोटॅशियम दोन्ही भरपूर. वरून बाटली. म्हणजे एका हातानं काढायचं आणि दुसऱ्या हातानं ओतायचं. आणि शेवटच्या तीन आठवड्यांत आयतं कॅल्शियम मिळालं की गाईचं शरीर हाडांतून ते काढायचं यंत्र बंदच ठेवतं. व्याल्या दिवशी चिकासाठी एकदम मोठी मागणी येते, यंत्र चालू व्हायला दोन-तीन दिवस लागतात, आणि तेवढ्यात रक्तातलं कॅल्शियम खाली जातं. गाय आडवी पडेल इतकं खाली जायलाच हवं असंही नाही. थोडं खाली गेलं तरी गर्भाशय ढिलं पडतं आणि पांढऱ्या पेशी मंदावतात. जाराच्या गुंड्या सोडवणाऱ्या पेशी आणि जंतू मारणाऱ्या पेशी एकच. म्हणून जार अडकलेल्या गाईलाच पुढं घाण, आणि तिलाच पुढं पू. तीन वेगळी दुखणी समजून तीन वेगळे खर्च करत होतो. मूळ एक.

आम्ही बदललं ते असं. व्यायच्या आधी २१ दिवस घास बंद, बाटली बंद, वाढं अगदी थोडं. कडबा, मका मुरघास, आणि खुराक हळूहळू वाढवत अडीच-तीन किलोपर्यंत, म्हणजे व्याल्यावर एकदम ताण पडत नाही. व्यायच्या आधीच्या काळासाठी वेगळं येणारं ऋण-क्षारांचं (हाडांतलं कॅल्शियम काढायचं यंत्र आधीच चालू करणारं) मिश्रण डॉक्टरांच्या सल्ल्यानं, चव कडू म्हणून मुरघासात कालवून. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमची सुई व्यायच्या तीन आठवडे आधी. कॅल्शियमची जेल व्याल्याबरोबर एक आणि बारा तासांनी दुसरी. बाटलीवर जाणारे पैसे तिकडं वळले, नवा खर्च फार नाही.

गाय आटवताना ती ना हाडकी ना गलेलठ्ठ हवी. भाकड काळात आपण तिला 'आता विश्रांती' म्हणून एक तर उपाशी ठेवतो किंवा सगळा उरलासुरला खुराक घालतो. जाड झालेली गाय व्यायच्या आठवड्यात खाणं सोडते, चरबी यकृतात जाते, आणि पांढऱ्या पेशी पुन्हा थंड.

दुसरी चूक जागेची. व्यायला आलेली गाय आम्ही गोठ्याच्या कोपऱ्यात बांधायचो, गटाराशेजारी, कारण तो कोपरा रिकामा असायचा. घाण टाकणारी आधीची गायही तिथंच बांधलेली असायची! आता व्यायची जागा वेगळी, दोन व्याण्यांच्या मध्ये चुना मारून वाळवलेली, वर कोरडं पाचट. वासरू ओढायला दोनापेक्षा जास्त माणसं नाहीत. पाणमोट फुटून दोन तास झाले आणि काही पुढं सरकलं नाही तर डॉक्टर किंवा १९६२ ह्या पशुवैद्यकीय मदत क्रमांकाला फोन. आणि कुणाचाही हात आत जायचा असेल तर कोपरापर्यंत धुतलेला, मोज्यात. डॉक्टरांचाही. सांगायला मला आधी संकोच वाटायचा, आता बादली आणि साबण मीच समोर ठेवतो.

जार वडाला टांगू नका

हे थोडं विषयाबाहेरचं वाटेल, पण नाही. सातव्या-आठव्या महिन्यात गाभडणं आणि त्यानंतर जार अडकणं असं एकापेक्षा जास्त गाईंत झालं तर गर्भाशयाच्या औषधांच्या मागं न लागता ब्रुसेला तपासा. रक्ताचा नमुना तालुक्याच्या दवाखान्यातून औंधच्या पशुरोग अन्वेषण विभागाकडं जातो. आमचे सगळे नमुने सुदैवानं कोरे आले. निकाल येईपर्यंतचे दिवस मात्र कुणी नीट झोपलं नाही, कारण हा रोग माणसाला होतो. चढउतार करणारा ताप, सांधे धरणं, महिनोन् महिने. आणि तो लागतो तो मुख्यतः जार, गर्भपाणी आणि कच्च्या दुधातून.

आमची आई जार पडेपर्यंत गाईजवळून हलायची नाही, गाय खाईल म्हणून. पडला की पोत्यात भरून ओढ्याकाठच्या वडाला टांगायचा. वडाला चीक, म्हणजे गाईला दूध. त्या वडाखाली कुत्र्यांची भांडणं लहानपणी रोज बघितली आहेत. आता जार खड्ड्यात, चुना टाकून, खोल. हातमोजे घालून. आईला पटवायला दोन वेतं लागली.

कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदाच, फक्त माद्यांना. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती सरकारी दवाखान्यातून मिळते. लस जिवंत जंतूंची असते, म्हणून स्वतः टोचायचा उद्योग करू नका.

सध्या कुठं आहोत

चंद्रीचं चौथं वेत वहीत असं आहे: व्याली पहाटे ४ला, जार ९ला पडला. सहाव्या दिवशी ताप १०३.४, वास थोडा. त्याच सकाळी सुई, तीन दिवस. अठराव्या दिवशी मैला बंद. बत्तिसाव्या दिवशी द्रव शून्य. पहिलं रेतन ७० व्या दिवशी, उलटली. दुसऱ्याला राहिली.

पहिलारू कालवडींचं मात्र अजून जमलेलं नाही. मागच्या दोघींना वासरं ओढून काढावी लागली आणि दोघींनीही घाण टाकली. खाणं बदलून हे सुटणार नाही, वासरूच मोठं होतं. डॉक्टर म्हणतात, कालवडीला भरताना सुलभ प्रसूतीचा वळू निवडा, नाहीतर लिंगवर्गीकृत (मादी वासरांसाठी वेगळं काढलेलं) वीर्य वापरा, मादी वासरू नरापेक्षा हलकं असतं. दोन कालवडी त्याच वीर्याच्या गाभण आहेत, एक दिवाळीच्या सुमाराला व्यायची आहे. चुना आणि थर्मामीटर आणून ठेवलेत.